पलंगाची रिट

मामाचा धंदा फुंकायच्या वाद्यांचा. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, कधीमधी अग्निशमन दलाच्या बँडमधला तो अजस्र ट्यूबा. कुणाची कळ अडकलेली असायची, कुणाला पोचा आलेला, कुणाची स्प्रिंग तुटलेली. मामा वाद्य उघडायचा, साफ करायचा, ठोकून सरळ करायचा, आणि मग शेवटी छाती भरून फुंकायचा. फुंकल्याशिवाय दुरुस्त झालं की नाही ते कळणार कसं?

त्याच्या दुकानाच्या बरोबर वर घरमालकीण राहायच्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा मोहल्ला त्यांना मोठ्या बाईच म्हणायचा. जेवण झालं की त्यांना जरा आडवं व्हायची सवय. आणि नेमका तेव्हाच खालून सूर यायचा. मोठ्या बाई काठीने जमीन ठोकायच्या, खालचा सूर आणखी चढायचा. एकदा ट्यूबा वाजला तेव्हा त्यांच्या फडताळातली कपबशी थरथरत कडेला आली आणि खाली पडून फुटली. त्याच आठवड्यात त्यांनी दावा लावला. भाडेकरूचा उपद्रव होतो, खोली खाली करून मिळावी.

मामाची भाची नुकतीच वकील झाली होती. आईने फर्मान काढलं, "मामाची केस तूच लढायची, आणि त्याच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही." अशा रीतीने भाचीला पहिलं अशील मिळालं.

दावा चालला भाडेकोर्टात. हे कोर्ट लहानसं, दुमजली इमारतीच्या मागच्या अंगाला, शेजारी सायकली लावायची जागा. कायद्याने त्याला दोनच गोष्टी ठरवायचा अधिकार होता. भाडं किती असावं, आणि भाडेकरूने जागा सोडावी की नाही.

तिथले न्यायाधीश साहेब गोल चेहऱ्याचे, हसतमुख, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. समोरचा वकील खोकला की पट्टेवाल्याच्या हाती एक गोळी पाठवायचे. भाची पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिचा आवाजच बसला. नुसते ओठ हलत होते. साहेब म्हणाले, "वकीलबाई, पाणी प्या. कोर्ट कुठे पळून जात नाही." आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले, तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. ही गोष्ट ती कधीच विसरली नाही.

साहेबांची अडचण एकच होती. त्यांना निकाल द्यायला आवडत नसे. निकाल दिला की दोघांतला एक तोंड पाडून घरी जातो, आणि ते तोंड साहेबांच्या डोळ्यांपुढून हलत नसे. त्यापेक्षा दोघांचं मिटवून द्यावं, हे त्यांना फार गोड वाटे.

पहिल्याच तारखेला त्यांनी हुकूम काढला, "अंतिम निकाल होईपर्यंत, दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत वाद्य फुंकू नये." मामाने मान डोलावली. मोठ्या बाईंनी मान डोलावली. भाचीला वाटलं, किती शहाणा माणूस!

पुढच्या तारखेला साहेबांनी विचारलं, "आता कसं चाललंय?" मोठ्या बाई म्हणाल्या, "दुपारी बरं आहे, पण सकाळी एकच तान पन्नासदा." लगेच हुकूम निघाला, एकच सुरावट लागोपाठ वाजवू नये. मामा म्हणाला, "साहेब, यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या दारात गळतं." कुंड्यांना बशा लावाव्यात, असा हुकूम निघाला. त्याच्या पुढच्या तारखेला वाद्यांची निवड आली. ट्यूबा फक्त दार लावून. क्लॅरिनेट खिडकी उघडी ठेवूनही चालेल. सॅक्सोफोनवर उदास चाली नकोत, मोठ्या बाईंना त्याने हुरहूर लागते.

साहेब खूश होते. प्रत्येक हुकूम आपल्या सुंदर अक्षरात आधी स्वतः लिहून काढायचे. मूळ प्रश्न, खोली सोडायची की नाही, तो तसाच पडून राहिला होता. त्याची कुणाला आठवणही नव्हती.

मग एक दिवस सकाळी कोर्टाचा बेलीफ मोजपट्टी घेऊन मोठ्या बाईंच्या दारात उभा राहिला.

"काय मोजायचंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पलंग, बाई. साहेबांचा हुकूम आहे. तुमचा पलंग पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत न्यायचा. तिथे आवाज कमी येतो म्हणे. बसतो का ते बघायला आलोय."

"माझ्या झोपायच्या खोलीत कोर्ट?" मोठ्या बाईंचा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेला. अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक साबणासकट बाहेर आलं.

बेलीफने बिचाऱ्याने पलंग मोजला, खाली उतरला आणि मामाच्या हातात दुसरा कागद ठेवला. त्यात लिहिलं होतं, भाडेकरूने फुंकायच्या वाद्यांची कामं हळूहळू बंद करून तंतुवाद्यांची दुरुस्ती शिकावी. व्हायोलिन, गिटार वगैरे. त्यांचा आवाज नाजूक असतो आणि त्यामुळे उभयपक्षी कायमची शांतता नांदेल.

मामाने कागद दोनदा वाचला. त्याच्या हातात तेव्हा एक ट्रम्पेट होता, तो त्याने हळूच टेबलावर ठेवला. त्याच्या वडिलांनी त्याला याच टेबलापाशी फुंकायला शिकवलं होतं. तो जिन्यापाशी आला. वरून मोठ्या बाई तणतणत उतरत होत्या. दोघं मधल्या पायरीवर समोरासमोर आले. इतक्या तारखा झाल्या, पण कोर्टाबाहेर ते एकमेकांशी बोलले नव्हते.

"तुमचा पलंग?" मामाने विचारलं.

"मागच्या खोलीत. तिथे मला सकाळचं ऊन लागत नाही. आणि तुमचं?"

"व्हायोलिन."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही व्हायोलिनला हात लावलात तर ते रडेल! तुमच्या भाचीला बोलवा."

भाची आली. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तेव्हा तिला काहीच कळेना. शेवटी मोठ्या बाईंनी शाळेत असल्यासारखा हात वर केला. "तू गप्प रहा," हे त्या मामाला म्हणाल्या, चुकून एकेरीत, आणि लगेच "म्हणजे तुम्ही" अशी दुरुस्ती केली. "मुली, हे साहेब असं करू शकतात का?"

"नाही," भाची म्हणाली. "पलंग कुठे ठेवायचा आणि कुणी कुठला धंदा करायचा, हे ठरवायचा अधिकार त्या कोर्टाला नाहीच. खरं तर दुपारी वाजवू नये, हेसुद्धा ते सांगू शकत नाहीत."

"मग अपील कर," मामा म्हणाला.

"मामा, अपील निकालावर. निकाल चुकला, म्हणून वर जायचं. इथे निकालच लागत नाहीये, नुसते हुकूम निघतायत. यावर रिट हा उपाय. निकाल बरोबर की चूक ते बाजूला ठेवायचं. मुळात हे तुमचं कामच नाही, असं वरचं कोर्ट खालच्या कोर्टाला सांगतं. आधीचे हुकूम रद्द करायला एक रिट, आणि इथून पुढे या वाटेला जाऊ नका म्हणून दुसरी."

"मग कर की दोन्ही!"

भाचीला ते इतकं सोपं नव्हतं. रिट करायची म्हणजे साहेबांविरुद्ध करायची. कागदावर विरुद्ध पक्ष म्हणून त्यांच्याच कोर्टाचं नाव लिहायचं. ज्यांनी खिडकीबाहेर बघत आपल्याला पाणी पिऊ दिलं, त्यांना वर खेचायचं. आणि रोज उठून पुन्हा त्यांच्याच समोर उभं राहायचं.

तिने आधी सरळ वाट धरली. पुढच्या तारखेला साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, माझी नम्र हरकत आहे. या कोर्टाला असे हुकूम द्यायचा अधिकार नाही."

साहेब हसले. "वकीलबाई, अधिकाराचं आपण मागाहून बघू. आधी दोघांचं भलं तर होऊ दे." आणि त्यांनी खाली मान घालून कुंड्यांच्या बशा किती खोल असाव्यात ते लिहायला घेतलं.

भाची बाहेर आली. त्या दिवशी तिला एक कळलं. साहेबांना थांबवायचं तर ते त्यांच्या वरच्यानेच थांबवायला हवं. ते स्वतः थांबणार नाहीत. चांगुलपणाला ब्रेक नसतो.

अर्ज तिने लिहिला आणि मोठ्या बाईंनी तपासला, लाल पेनने. "इथे 'सदर' हा शब्द चारदा आलाय. एकदा पुरे." खाली अर्जदार म्हणून दोघांच्या सह्या झाल्या, एकीखाली एक. घरमालकीण आणि भाडेकरू.

वरचं कोर्ट दुसऱ्या गावात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. बसमध्ये दोघांना बसता येईल असं एकच बाकडं रिकामं होतं, त्यामुळे मामा आणि मोठ्या बाई शेजारी बसले आणि भाची त्यांच्या मागे. गाव सुटेपर्यंत दोघं समोर बघत राहिले. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "तो ट्यूबा दुपारीच का वाजवायचात?"

"बँडवाले संध्याकाळी न्यायला यायचे. आधी बघायला नको?"

"मग मी काठी ठोकायचे ते ऐकू येत नव्हतं?"

"यायचं की. मला वाटायचं तुम्ही ताल धरताय."

मोठ्या बाई आधी रागाने वळल्या, मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. भाचीला वाटलं, रडतायत की काय. त्या हसत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणून जोर चढायचा होय! आणि मी आणखी जोरात ठोकायचे."

"मी बहिणीला सांगितलंसुद्धा, वरच्या बाईंना तालाचं चांगलं अंग आहे."

पुढचा सगळा रस्ता ते बोलत होते. बहुतेक भांडतच होते, पण सरळ एकमेकांशी. भाचीला मागे झोप लागली.

वरच्या कोर्टाची खोली उंच छताची, तिथे माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. दोन न्यायमूर्ती बसले होते. ज्येष्ठ होत्या त्या बारीक चणीच्या मॅडम, केस पांढरेशुभ्र, आवाज अगदी खालच्या पट्टीत. शेजारचे न्यायमूर्ती उंच, गालावर खळी.

"विरुद्ध पक्ष कोण?" मॅडमनी विचारलं.

"खालचं भाडेकोर्ट," भाची म्हणाली. आवाज निघाला, हेच तिला खूप वाटलं.

"आणि हे दोघं?"

"मूळ दाव्यात एकमेकांविरुद्ध आहेत. इथे एकत्र."

खळीवाल्या न्यायमूर्तींनी हुकूम एकेक करून चाळायला घेतले. सॅक्सोफोनच्या उदास चालींपाशी त्यांनी रुमाल काढून तोंडापुढे धरला. पलंगापाशी त्यांना जोराची उबळ आली. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

खालच्या कोर्टाची बाजू मांडायला सरकारी वकील उभे राहिले. भारदस्त, वयस्कर गृहस्थ. म्हणाले, "साहेबांचा हेतू शुद्ध होता. या दोघांनीही आधीच्या हुकमांना मान डोलावली, काही तर स्वतःच मागून घेतले. आता गैरसोय झाली तेव्हा त्यांना अधिकार आठवला."

आणि हे खरंच होतं.

"यावर तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी विचारलं. "दुपारी वाद्य वाजवू नये, हा हुकूम वाईट आहे का?"

"नाही, मॅडम. चांगला आहे. माझ्या मामांना आजही मान्य आहे. साहेबांचे बरेच हुकूम चांगले आहेत." ती थांबली. मागे मोठ्या बाई खाकरल्या, 'पुढे बोल' अशा अर्थाने. "पण चांगला हुकूम द्यायलाही अधिकार लागतो. आम्ही मान डोलावली ही आमची चूक. पण आम्ही मान डोलावली म्हणून कोर्टाला नसलेला अधिकार येत नाही. तो कायद्यानेच यावा लागतो. आज सोयीच्या हुकमाला आम्ही हो म्हटलं, त्याच दारातून उद्या मोजपट्टी आली. ते दार उघडायला नको होतं, आमच्यासाठीही आणि साहेबांसाठीही."

सरकारी वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "आधीचे सगळे हुकूम रद्द. इथून पुढे भाडेकोर्टाने खोली सोडायची की नाही, एवढाच प्रश्न ऐकावा. पलंग, कुंड्या, वाद्यं, चाली यांत पडू नये."

मोठ्या बाईंनी भाचीचा कोट मागून ओढला आणि कुजबुजल्या, "त्यांनाच सांग ना, खोलीचाही निकाल देऊन टाका म्हणावं. पुन्हा त्या साहेबांपुढे नको."

भाचीलाही ते पटलं. "मॅडम, एक विनंती. आपल्यापुढे सगळे कागद आहेतच. खोलीचा प्रश्नही आपणच निकाली काढावा."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "वकीलबाई, तो प्रश्न भाडेकोर्टाचा आहे. आम्ही त्यात हात घातला तर आम्ही काय केलं? त्यांनी केलं तेच. त्यांना त्यांच्या कुंपणात ठेवायचं म्हणजे कुंपणातलं त्यांचं त्यांना करू द्यायचं."

भाचीचे कान गरम झाले. पण तिला कुठेतरी बरंही वाटलं. साहेबांकडे काहीतरी उरत होतं.

रिट भाडेकोर्टात पोचली त्या तारखेला खोली गच्च भरली होती. सायकली लावायच्या जागेतसुद्धा माणसं उभी होती. साहेब येऊन बसले. नेहमीचं हसू नव्हतं. त्यांनी कागद स्वतः उचलला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांसमोर वाचला. आपण अधिकार ओलांडला, हे वाक्यही त्यांनी न गाळता, आवाज न पाडता वाचलं. भाची मान खाली घालून बसली होती.

"तर मग," साहेब कागदाची घडी घालत म्हणाले, "आता एकच प्रश्न राहिला. मोठ्या बाई, तुम्हाला खोली खाली करून हवी आहे का, आणि का?"

मोठ्या बाई उठल्या. दावा मागे घेतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्या हाडाच्या मुख्याध्यापिका. "मी दावा लावला तेव्हा उपद्रव होता," त्या म्हणाल्या. "आता आम्ही आपसात ठरवलंय, दुपारी हे नुसतं ठोकठाक करतील, फुंकणार नाहीत. तेव्हा आज उपद्रव नाही. पण कपबशी फुटली होती हे खरं आहे, आणि ते कुठेतरी लिहिलं जावं अशी माझी इच्छा आहे."

"फुटली," मामा जागेवरूनच म्हणाला. "कबूल."

साहेबांनी पेन उचललं. हात अडखळला. भाचीला दिसलं, त्यांना आणखी काहीतरी लिहायचं होतं, बहुतेक कपबशीबद्दलच. त्यांनी खिशातून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकली आणि लिहिलं, कपबशी फुटली हे उभयपक्षी मान्य; आज उपद्रव सिद्ध होत नाही; खोली सोडायची गरज नाही; दावा निकाली. चार ओळी. इतका छोटा हुकूम त्यांनी आजवर लिहिला नव्हता.

मधल्या सुट्टीत पट्टेवाला भाचीला बोलवायला आला. "साहेबांनी आत बोलावलंय."

ती गेली ती दारातच उभी राहिली. "साहेब, मला..."

"बसा हो. उभं राहायला हे काय कोर्ट आहे?" मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे आहे. पण बसा." त्यांनी तोंडातली गोळी गालात सरकवली. "खोटं कशाला बोलू, रागावलो होतो. घरी कुणाशी बोललो नाही. वाटलं, ज्या पोरीला आपण सांभाळून घेतलं, तिने असं करावं? मग आज तो निकाल लिहिला आणि डबा उघडला. अर्धा डबा संपल्यावर लक्षात आलं, आज जेवताना मला त्या पलंगाचा विचार नाही आला. कुंड्यांचा नाही, ट्यूबाचा नाही. गेले कित्येक महिने मी दोन-दोन संसारांचं ओझं घेऊन जेवतोय. आणि असे खटले माझ्याकडे ढीगभर आहेत." त्यांनी मान हलवली. "कुणीतरी वरून सांगावं लागलं, की हे तुझं नाही. खाली ठेव."

भाची म्हणाली, "साहेब, दुपारचा तो पहिला हुकूम खरंच चांगला होता."

"होता ना?" साहेबांचा चेहरा उजळला. "मलाही तोच आवडला होता."

ती बाहेर आली तेव्हा मामा आणि मोठ्या बाई फाटकापाशी, घरी चालत जायचं की रिक्षाने यावर वाद घालत होते. ती त्यांच्याकडे निघाली, तेवढ्यात एका अनोळखी माणसाने तिला गाठलं. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा पार वैतागलेला.

"वकीलबाई, ती रिट म्हणतात ती तुम्हीच लावता ना? आपल्या अधिकाराबाहेर हुकूम सोडणाऱ्यांवर?"

"हो. कुणावर लावायची आहे?"

"माझ्या सासऱ्यांवर."

"अहो, ती फक्त कोर्टांवर आणि सरकारी लोकांवर चालते. सासरे म्हणजे काही कोर्ट नाही."

"तुम्ही त्यांना पाहिलेलं नाहीत," तो माणूस कळवळून म्हणाला.

भाचीने फाटकाकडे बघून मामाला हात केला, तुम्ही व्हा पुढे. मग व्हरांड्यातल्या बाकावर थोडी सरकून तिने त्या माणसाला जागा करून दिली. "बसा," ती म्हणाली. "काय हुकूम सोडलाय त्यांनी?"